पोत्यातलं एकही उभं चिरलं नाही

मयूरीच्या कागदावर एकंदर चोवीस वाक्यं होती आणि त्यातली तेवीस जपानी झाली होती. अकराव्या वाक्याच्या जागी नुसती रेघ होती. इंग्रजीत ते वाक्य चारच शब्दांचं: ‘अवर टर्मरिक ब्रेक्स क्लीन.’ आमची हळद कशी साफ मोडते, एवढंच त्यात म्हटलेलं. यात तीन दिवस अडून बसण्यासारखं काय आहे, असं मयूरीच्या आईला, म्हणजे उमाताईंना वाटत होतं आणि त्या ते येता-जाता बोलूनही दाखवत होत्या. पण उमाताईंना जपानी येत नव्हतं. इंग्रजी माणसाला मोडायला एक ‘ब्रेक’ पुरतो. मग काच असो, काठी असो, दोरी असो. जपानी माणूस तेवढ्यावर भागवून घेत नाही. आपल्यासारखंच त्याचंही दोरीचं तुटणं वेगळं, बशीचं फुटणं वेगळं, पेन्सिलीचं मोडणं वेगळं. वस्तू आपोआप कशी गेली, ते तो क्रियापदातच सांगून मोकळा होतो. आणि नेमकं कसं गेलं हे माहीत नसेल, तर सांगणाऱ्याची फजिती होते.

फजिती परवडणारी नव्हती. आष्ट्याच्या काही शेतकऱ्यांनी मिळून हळदीची कंपनी काढली होती, तिचं हे माहितीपत्रक. कंपनीचा सगळा कारभार विश्वजित नावाचा एक उत्साही तरुण बघायचा. शुक्रवारी दुपारी मोरिता सान, म्हणजे आपल्या भाषेत मोरिताबाई, जपानहून त्यांची हळद बघायला येणार होत्या. बाईंना कागद पटला, तर यापुढचा जपानचा सगळा पत्रव्यवहार मयूरीकडे, म्हणजे चक्क नोकरी. नाही पटला, तर सोमवारपासून मयूरीने कराडला मामांच्या फरशीच्या दुकानात उभं राहायचं, असं मायलेकींत ठरलेलं होतं. चार वर्षं जपानी शिकायचं आणि लोकांच्या न्हाणीघराला कुठली फरशी शोभेल ते सांगायचं, या विचाराने तिचं जेवणावरचं मन उडालं होतं.

शेवटी ती गुरुवारी संध्याकाळी गंगाधर सरांकडे गेली. गंगाधर सर म्हणजे अख्ख्या साताऱ्यात जपानी शिकवणारा एकुलता एक माणूस. तरुणपणी ओसाकाच्या एका कारखान्यात नऊ वर्षं काढून आलेले, आता पंचाहत्तरीचे, आणि शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत तीन विद्यार्थ्यांना घेऊन बसलेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फटकन निकाल दिला: वारेरू. हळद वाळून खणखणीत झालेली असते, म्हणजे ती बशीच्या जातीची. बशी फुटते तेव्हा वारेरू.

मयूरीला ते पटेना. हळकुंड लांबट असतं, काडीसारखं. काडी मोडते तेव्हा ओरेरू. शिवाय बांबू उभा चिरला तरी जपानी माणूस वारेरूच म्हणतो, मग मोरिता सानना हळद उभी चिरते असं वाटलं तर? सर म्हणाले, तुझ्या ओरेरूत तरी काय मोठं सुख आहे, कागदाची घडी पडली तरी ओरेरूच की. हळद ओली राहिलीय आणि वाकतेय, असं बाईंना वाटलं तर? दोघं तासभर भांडले. मग सरांनीच विचारलं, की हळकुंड मोडताना तू स्वतः कधी पाहिलंयस का. मयूरीने पाहिलं नव्हतं. सरांनीही पाहिलं नव्हतं. दोघांच्या घरात हळद पुडीतून येत होती.

“मग आपण दोघंही वावड्या उडवतोय,” सर म्हणाले. “बघितल्याशिवाय क्रियापद लिहायचं नाही. उद्या सकाळी आष्ट्याला जा. मला फोनवर दाखव.”

शुक्रवारी सातच्या एसटीने मयूरी निघाली. उंब्रज मागे पडेपर्यंत ती दोन्ही क्रियापदं आळीपाळीने पुटपुटत होती, तेव्हा शेजारच्या बाईंनी नवस आहे का म्हणून विचारलं. कराडला गाडी बदलून ती साडेदहाला आष्ट्यात उतरली आणि विश्वजितच्या घरी पोचली, तर घरात विश्वजित नव्हताच. तो पाहुणीला आणायला सांगलीला गेला होता. त्याची आई, धोंडुबाई, भाचीच्या डोहाळजेवणाला पलूसला गेली होती, दोनपर्यंत येणार होती. घरी होते फक्त त्याचे वडील दादासो, आणि शेडमध्ये पाटावर, देव बसवावा तसं बसवलेलं एक दहा किलोचं पोतं.

या पोत्याबद्दल सांगायला हवं. धोंडुबाई आणि शेजारच्या चार बायका आठ दिवस हळद निवडत होत्या. बोटभर लांबीचं, एका अंगाचं, टोकही न उडालेलं असं एकेक हळकुंड वेचून त्यांनी हे पोतं भरलं होतं. तोंड धोंडुबाईंनी स्वतः शिवलं होतं. जाताना विश्वजितने बापाला बजावलं होतं, की आबा, सगळं करा पण पोत्याला हात लावू नका. पाहुण्यांना अख्खी हळद दाखवायचीय. दादासो बरं म्हणाले होते, आणि मयूरी येईपर्यंत त्यांनी ते पाळलंही होतं.

मयूरीने आपली अडचण सांगितली. मला एकच हळकुंड मोडताना बघायचंय, कुठलंही चालेल, असं तिने स्पष्ट म्हटलं होतं, हे पुढे तिच्या बाजूने सांगण्यासारखं आहे. दादासोंनी कोपऱ्यातल्या बारीकसारीक हळदीच्या ढिगाकडे पाहिलं, मग पाटावरच्या पोत्याकडे पाहिलं.

“हलकं मोडून जपानला काय कळवनार तू, पोरी?” ते म्हणाले. “मोडायचं तर आपलं चांगलं मोडायचं. तीन काढू, परत शिवू. आमच्या हिला कुठं कळतंय.”

त्यांनी सुतळीचा टाका सोडला. मयूरीने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. त्यात सर साताऱ्याहून डोळे बारीक करून बघत बसले. दादासोंनी हळकुंड दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं, अंगठे मध्ये आणले आणि कट्‌ करून मोडलं. आवाज असा खणखणीत आला की दारातली शेळी मान वर करून बघायला लागली. दोन तुकडे, मधोमध, आडवे. आत गर्द केशरी. मयूरीला इतका आनंद झाला की तिने टाळी वाजवली. तीन दिवस शब्दकोशात हुडकत होती ती गोष्ट दादासोंच्या चिमटीत होती.

“ओरेरू,” ती म्हणाली.

“थांब,” तांब्यापाशी सर म्हणाले. “हे एक आडवं मोडलं. दुसरं उभं चिरत नसेल कशावरून? मला एक चिरलेलं दाखव, म्हणजे फरक समजेल.”

आता सर सातारचे, आणि सगळं आयुष्य भाषेत गेलेलं. हळदवाल्याच्या घरात बसून असं विचारू नये, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दादासोंचा चेहरा बदलला. कच्ची शिजलेली हळद उभी चिरते; नीट न वाळलेली वाकते; आणि ज्याने चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने हळद शिजवली, त्याच्या पोत्यात चिरणारं हळकुंड मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला अडाणी म्हणणं.

“आवं सायेब,” दादासो तांब्याकडे वाकून म्हणाले, “आमच्या पोत्यात उभं चिरनारं न्हाई. मिळनारबी न्हाई. बगाच.”

आणि त्यांनी दुसरं मोडलं. मग तिसरं. सर म्हणाले, तीनावरून नियम बसत नाही. दादासोंनी दहा मोडली. सर म्हणाले, मला तुमच्या हळदीबद्दल शंका नाही, मला क्रियापदाबद्दल आहे. दादासो म्हणाले, ते एकच झालं. मयूरी आधी मध्ये पडायला गेली, पण मग तिचेही हात शिवशिवायला लागले. पहिलं तिला मोडता आलं नाही. दादासोंनी अंगठे कुठे ठेवायचे ते दाखवलं, आणि दुसरं जे कट्‌ करून गेलं, ते थेट तिच्या कोपरापर्यंत जाणवलं. नोकरी, मामा, फरशी, सगळं ती विसरली.

एवढ्यात टेम्पोवाला नाथाजी आत आला. आता या भागात एक रीत आहे. हळदीचं उघडं पोतं दिसलं, की माणूस आधी एक हळकुंड उचलून मोडतो आणि मग राम राम करतो. सांगलीच्या बाजारात व्यापारी तसंच करतात, शेतकरी तसंच करतात, नुसते वाट चुकून आलेलेही तसंच करतात. नाथाजीने एक उचललं, मोडलं, आवाज ऐकून मान डोलावली आणि मग चाललंय काय म्हणून विचारलं. त्याला सांगितलं, की साताऱ्याचे एक साहेब म्हणतायत तुमची हळद चिरते. नाथाजीने दुसरं उचललं. त्याच्या मागोमाग खताच्या दुकानाचा जयराज आला, त्यालाही तेच सांगितलं, म्हणजे तसंच थोडं वाढवून. तो म्हणाला, हा गावाचा अपमान हाय, आणि मांडी घालून बसला.

बारा वाजेपर्यंत असेच आणखी चौघं येऊन बसले. शेडमध्ये मयूरी सोडून सात माणसं झाली आणि कटाकट आवाज चालला होता. कुणी अंगठ्यावर मोडत होतं, कुणी गुडघ्यावर, जयराज तर दाढेखाली. प्रत्येक कट्‌ला तांब्यापासून आवाज यायचा, “ओरेरू!” सर आता खुर्चीतून उठले होते. मागून त्यांच्या पत्नीने जेवायचं विचारलं, त्यांना त्यांनी हाताने गप्प केलं. मध्येच जयराजच्या एका हळकुंडाचा बारीक कपचा उडाला, तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. तो कपचा कॅमेऱ्यासमोर धरला गेला. सरांनी तो डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि सांगितलं, की याला काकेरू म्हणतात, कडा उडणं. हे चिरण्यात धरत नाही. शेडमध्ये असा जल्लोष झाला की शेळीने दावं ओढलं. मयूरीला हसून हसून पोटात दुखायला लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर सात माणसं जपानी क्रियापदावरून तावातावाने बोलत होती.

शेवटचं हळकुंड पोत्याच्या तळाशी होतं. ते मोडायचा मान नाथाजीने दादासोंना दिला. दादासोंनी ते कपाळाला लावलं आणि मोडलं. आडवं, मधोमध.

“न्हाई चिरलं,” ते म्हणाले. “एकबी न्हाई.”

“लिही, मयूरी,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. “ओरेरू. मी हरलो.”

मयूरीने अकराव्या रेघेवर ते लिहिलं. हात पिवळे असल्यामुळे कागदावर अंगठाही उठला. मग तिने मान वर केली आणि पोत्याकडे पाहिलं. पोतं पाटाला चिकटलं होतं. समोर दहा किलो हळदीचे तुकडे पडले होते. तिच्या मागोमाग दादासोंनी पाहिलं, मग नाथाजीने. तेवढ्यात फाटक वाजलं.

धोंडुबाई डोहाळजेवणाहून आल्या त्या डोक्यात गजरा तसाच घेऊन. त्यांनी पाट पाहिला, पोतं पाहिलं, ढीग पाहिला.

“ही कुनी मोडली?”

“मोडली,” दादासो म्हणाले.

“आपनहून?”

“तसंच कायतरी.”

धोंडुबाईंनी सातही जणांच्या हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत पिवळे होते. जयराजची तर दाढीही पिवळी होती. आठ दिवसांचं त्यांचं काम होतं ते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या आत निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मयूरीला वाटलं. आता तिला फरशीचं दुकान लख्ख दिसायला लागलं. कोपऱ्यात पडलेल्या बारक्या हळदीतून नवं पोतं भरता येईल का, असा विचार दादासो करत होते, तोवर बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तीनला येणारी पाहुणी अडीचला आली होती.

विश्वजित आत आला आणि पांढराफटक पडला. मोरिता सान त्याच्या मागे होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, कडक इस्त्रीच्या पँटमधल्या, आणि खांद्याला एक छोटी पिशवी. विश्वजित मयूरीच्या कानाशी आला. वाटेत टेम्पोतून पोतं पडलं नि हळद मोडली असं सांग, असं तो पुटपुटला. नाथाजीने ते ऐकलं. आपल्या टेम्पोतून आजवर एक हळकुंड मोडलेलं नाही, असं त्याने मोठ्याने सांगितलं, आणि ते नशिबाने मराठीत होतं.

मयूरी पुढे झाली. सकाळपासून शोधलेलं क्रियापद तयारच होतं. त्याचं भूतकाळातलं रूप ओरेमाश्ता, मोडली. सभ्य, पूर्ण वाक्य, आणि त्यात कुणाचंच नाव येत नाही. तेवढं म्हणून कमरेत वाकलं की झालं. तिने वाकायला हात पुढे जुळवले, आणि ते पिवळे हात तिला दिसले. असले हात घेऊन टेम्पोचं नाव सांगायचं म्हणजे बाईंना आंधळं समजायचं. आणि खरं सांगायचं तर तिला लाज वाटली. इतका आनंदाचा दिवस कुणाच्या तरी टेम्पोवर ढकलायचा, हे तिच्याने होईना.

ती वाकली आणि जपानीत म्हणाली, की ही आम्ही मोडली. सगळी. मी एका वाक्यासाठी क्रियापद शोधत होते, ते बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं माझ्या सरांनी शिकवलंय, आणि एखादं उभं चिरतं का ते बघता बघता पोतं संपलं. एकही चिरलं नाही. माझी चूक झाली. आदरार्थी रूपं तिची दोन ठिकाणी घसरली, हे तांब्याला टेकलेल्या सरांनी नंतर सांगितलं.

 मोरिता सान ढिगापाशी आल्या, इस्त्रीची पर्वा न करता उकिडव्या बसल्या आणि पिशवीतून एक पांढरी बशी, एक भिंग आणि एक छोटी पक्कड काढून त्यांनी ओळीने मांडली. मग पक्कड उचलून परत पिशवीत ठेवली. मयूरीने विचारलं तेव्हा कळलं, की त्या जिथे जातात तिथे पन्नास हळकुंडं निवडून स्वतः मोडतात, आत रंग कसा आहे, पोकळ आहे का ते बघायला. बाहेरून सगळीच हळद चांगली दिसते. आज मोडायचं काही शिल्लकच नव्हतं. त्यांनी एकेक तुकडा उचलून बशीत धरायला सुरुवात केली. अर्धा तास त्या नुसत्या बघत होत्या, आणि सात माणसं भिंतीला चिकटून उभी होती.

मग त्यांनी कागद मागितला. वरून वाचत आल्या आणि अकराव्या ओळीवर, मयूरीच्या पिवळ्या अंगठ्यापाशी, त्यांचं बोट थांबलं. 

नेमक्या त्या क्षणी धोंडुबाई ताट घेऊन बाहेर आल्या. राग रागाच्या जागी. पण पहिल्यांदा दारात आलेल्या बाईची ओटी भरल्याशिवाय तिला पाठवतील तर त्या धोंडुबाई कसल्या. त्यांनी कुंकू लावलं, आणि तांदूळ, खोबरं, सुपारी आणि पाच हळकुंडं मोरिता सानच्या रुमालात घातली. त्याच निवडीतली ही पाच त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवली होती, म्हणून वाचली होती. ओटीतलं हळकुंड अखंड लागतं. ते कुणी मोडत नाही, हे तिथल्या शेळीलाही माहीत असावं.

मोरिता सानना माहीत नव्हतं. त्यांनी हातातल्या हळकुंडाकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. इथे आलेल्या प्रत्येकाने मोडलेलं दिसतंय, आता आपली पाळी, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी अंगठे मध्ये आणले, हळकुंड कानाजवळ नेलं आणि कट्‌ करून मोडलं.

दादासोंनी डोळे मिटून घेतले. मोरिता सानचेही डोळे मिटलेले होते, पण वेगळ्या कारणाने. त्या आवाज ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले, गालात हसल्या, आणि रुमालातून दुसरं काढून तेही मोडलं. सगळे धोंडुबाईंकडे बघायला लागले. धोंडुबाईंनी तोंडाला पदर लावला. पदर हलायला लागला, आणि मग त्या इतक्या खदखदून हसल्या की गजरा सुटून खाली पडला.

“हिलाबी लागला व्हय नाद,” त्या म्हणाल्या. “मोड बाय, मोड. तुजीच ओटी हाय.”

मोरिता सान कागदावर बोट ठेवून मयूरीला म्हणाल्या, की क्रियापद बरोबर आहे, पण वाक्यात आवाज राहून गेलाय. त्यांनी पेन मागितलं आणि ओरेरूच्या आधी, आपल्याही आता पिवळ्या झालेल्या हाताने, एक छोटा शब्द लिहिला: पोकित्तो. कट्‌ करून.

“पोकित्तो!” तांब्यापासून ओरडल्याचा आवाज आला. सर तिथेच होते. त्यांना सगळे विसरले होते. “पस्तीस वर्षांत ऐकला नाही गं हा शब्द. मी विसरलोच होतो.”  मोरिता सान दचकून तांब्याकडे वळल्या, मग फोनपुढे वाकल्या, आणि दोघं एकमेकांना नमस्कार करत राहिले. आधी कुणी थांबायचं हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

चहा झाल्यावर मोरिता सान विश्वजितला म्हणाल्या, की अशी मोडलेली पोती त्यांनी इतर ठिकाणीही पाहिलीत. कारण विचारलं की सगळीकडे एकच उत्तर येतं, मोडली. आम्ही मोडली, असं सांगणारं आज पहिल्यांदा भेटलं. यापुढची पत्रं या मुलीने लिहावीत, त्यांना त्यातलं सगळं खरं धरता येईल. हे मयूरीलाच मराठीत सांगावं लागलं, आणि सांगताना ती लाल झाली. विश्वजितने सोमवारी दहा वाजता ये म्हणून सांगितलं. एवढे तुकडे आता निवडायला कोण बसणार, असं धोंडुबाईंनी विचारलं, तेव्हा सातही पुरुषांना एकाच वेळी कामं आठवली.

बसस्टँडवर उमाताईंचा फोन आला. मामा दुकानात वाट बघतायत, सोमवारचं त्यांना काय सांगू, असं त्यांनी विचारलं. जमणार नाही, असं मयूरीच्या तोंडापर्यंत आलं होतं. आपल्याकडे तसंच म्हणतात. त्यात कुणाचं नाव येत नाही आणि कुणाला राग येत नाही.

“आई, त्यांना सांग,” ती म्हणाली, “मी येणार नाही.”